कंदाची पाठ उन्हात

९ मे

नमस्कार.

तुम्हाला काय म्हणून हाक मारावी, याच विचारात दोन कागद फुकट गेले. 'ताई' म्हणावं तर तुम्ही म्हणाल, ही कोण लागून गेली नातं जोडणारी. 'बाई' म्हणावं तर शाळेत रजेचा अर्ज लिहितेय असं वाटतं. आणि आपल्या नात्याला लोकांनी जो शब्द ठेवलाय, तो मी या वयात तोंडातून काढणार नाही. तेव्हा नुसता नमस्कार. तुमच्यानंतर या घरात आली, ती मी.

तुमचा पत्ता रोपवाटिकेतल्या म्हाताऱ्याने दिला. त्याच्यावर रागावू नका. मी एक सडका कंद पिशवीत घालून त्याच्याकडे नेला होता. त्याने पिशवी उघडली, वास घेतला आणि तोंड फिरवलं. म्हणाला, "मला विचारू नका. ज्या बाईंनी लावलेत त्यांनाच विचारा. अजून माझ्याकडून खत मागवतात. हल्ली कवळ्या करतात त्या." मला वाटलं, कवळ्या म्हणजे कसल्या तरी कोवळ्या भाज्या. तेव्हा त्याने आपले वरचे सगळे दात काढून माझ्यापुढे धरले. "ह्या त्यांच्याच हातच्या." तुमची-माझी पहिली ओळख ती अशी झाली. काम सुरेख आहे, खरंच सांगते.

फोन नंबर मागितला तर म्हणाला, घासायच्या मशीनपायी त्यांना कमी ऐकू येतं, फोनवर नुसतं 'काय? काय?' करतात, त्यापेक्षा लिहा.

तर काम आयरिसच्या फुलझाडांचं आहे. भिंतीलगतचे ते उंच, पाकळीवर केसांची दाढी असलेले, यंदा फुललेच नाहीत. जेमतेम चार-पाच काड्या आल्या आणि त्याही उभ्या राहीनात. कंद एकमेकांच्या अंगावर चढून बसलेत, मधले सुकून लाकडासारखे झालेत आणि कडेच्यांना तो वास. पुढच्या ओळीतले बुटके आहेत, पण रोडावलेत. नळाच्या सांडपाण्याजवळचे ते पसरट फुलांचे जपानी, बारीक गवतासारख्या पानांचे सैबेरियन आणि कुंड्यांतले कांद्यासारखे, त्यांचं काय करायचं तेही मला कळत नाही. मला पडद्याचं कापड कळतं. झाडांतलं मला काही कळत नाही.

आजवर हे सगळं हेच बघायचे. ('हे' लिहिलं आणि हात थांबला. आपल्या दोघींचं 'हे' एकच, म्हणजे पंचाईतच. तुम्ही समजून घ्या.) गेल्या वर्षी यांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. दिवसभर खिडकीशी खुर्चीत असतात आणि खिडकीतून तुमचा वाफाच दिसतो.

तुम्ही गेल्यापासून त्यांनी तो एकदाही खणू दिला नाही. पाणी घालायचं, तण काढायचं, पण कुदळ लावायची नाही. मी एकदा नुसतं विचारलं होतं, तर आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. आता झाडं मरायला टेकलीत. काय करू ते लिहाल का?

तुमची,
(इथे काय लिहावं तेही कळत नाही)


२४ मे

नमस्कार.

तुमचं उत्तर आलं. नमस्कार नव्हता, पण कंदाचं चित्र होतं आणि कुठे कापायचं तिथे लाल रेघ. मला नमस्कारापेक्षा चित्राची गरज होती, तेव्हा तक्रार नाही.

सैबेरियन आणि पाण्याजवळचे यांना आता हात लावायचा नाही, कुंड्यांतल्यांची पानं आपोआप पिवळी पडेपर्यंत कापायची नाहीत, हे समजलं. दाढीवाले मात्र खणायचे. मधला म्हातारा कंद फेकायचा, कडेचे तरुण ठेवायचे. सडका भाग चमच्याने पांढरं लागेपर्यंत खरवडायचा, उन्हात वाळवायचा. पानं वितीएवढी कापायची. लावताना खोल पुरायचं नाही. तुम्ही दोनदा अधोरेखित केलंय : कंदाची पाठ उन्हात राहिली पाहिजे, माती फक्त मुळांवर. मी आजवर जे काही जमिनीत घातलं ते गळ्यापर्यंत पुरून टाकलं, म्हणून काही जगलं नसावं.

शेवटी तुम्ही लिहिलंत, 'त्यांची तब्येत कशी आहे ते मी विचारत नाही.' मी न विचारताच सांगते. डावा हात चालतो. समजतं सगळं. घास भरवावा लागतो. रात्री तीनदा-चारदा उठवतात. उचलून बसवायला मदतीची एक बाई यायची, तिला जवळच दुसरं घर मिळालं, आता मीच उचलते. माझी कंबर आता त्यांच्याच वयाची झालीय. एवढं सोडलं तर बरं चाललंय.

सोमवारी सकाळी खणायला घेतलं. त्यांना आधी सांगितलं होतं. "तुमचे आयरिस मरताहेत, मी खणणार आहे," असं चार वेळा सांगितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. मी त्याचा अर्थ 'बरं' असा घेतला. कुदळीचा पहिला घाव पडला आणि खिडकीच्या काचेवर थाप पडली. मी वर पाहिलं नाही. थापा पडतच राहिल्या. शेजारीण कुंपणावरून डोकावून म्हणाली, "अहो, ते बोलावताहेत तुम्हाला." मी म्हटलं, "बोलवू देत."

पूर्ण ओळ काढली. अंगणभर कंद पसरलेत, आल्याचा बाजार भरल्यासारखे. चमच्याने खरवडून खरवडून अंगठ्याला फोड आलाय. घरात गेले तेव्हा त्यांची डावी मूठ लाल झाली होती. मी ती थंड पाण्यात धरायला गेले, तर हिसकून घेतली.


६ जून

नमस्कार.

अबोला धरलाय. वाचा गेलेला माणूस अबोला कसा धरतो ते दुसऱ्या कुणाला सांगितलं तर हसेल, तुम्ही हसणार नाही. एरवी मान हलवतात, भुवया उडवतात, घशातून 'अं' काढतात. आता काही नाही. मी समोर गेले की नजर माझ्या खांद्यावरून भिंतीला. घास तोंडात घेतात, पण माझ्या हातून नाही, जणू चमचा आपोआपच आला.

तुमचं या वेळचं पत्र मोठं होतं. तुम्ही लिहिलंत, एकदा अख्खा हिवाळा ते तुमच्याशी बोलले नाहीत आणि कारण तुम्हाला आजतागायत ठाऊक नाही. वसंतात एके दिवशी नाश्त्याला बसले आणि म्हणाले, "मीठ कमी आहे." त्याच दिवशी तुम्ही बॅग भरलीत. लोकांना वाटलं मिठावरून भांडण झालं.

मला वाटायचं, तुम्ही दुसऱ्या कुणासाठी गेलात. कुणी तसं सांगितलं नव्हतं. मीच धरून चालले होते, मला ते सोयीचं होतं.

माझ्या वाट्याला एवढा लांब अबोला कधी आला नाही. मी तशी गप्प बसणारी नाही. ते बोलेनासे झाले की मी दोघांचं बोलायचे. "आज काय करू?" "काहीही कर." "मग खिचडी करते." "कर." असं मीच. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यांना हसू यायचं. खोटं कशाला सांगू, हसले की फार छान दिसायचे आणि मी मागचं सगळं विसरून जायचे. तुमच्याशी असे हसायचे का ते मला विचारायचं नाहीये.

माझी त्यांची ओळख पडद्यांमुळे. त्यांनी दुकानात बोलावणं पाठवलं, मी टेप घेऊन आले. मी एक खिडकी मापली की ते मागून आपल्या टेपने पुन्हा मापायचे. जन्मभर जमिनी मोजलेला माणूस, त्याला दुसऱ्याच्या मापाचा भरवसाच नाही. वाफ्याकडच्या खिडकीशी आले तर म्हणाले, "हिला पडदा नको." का, म्हणून मी विचारलं नाही. लग्नानंतर कळलं वाफा कोणाचा ते. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या खिडक्या झाकल्या, माझ्या घरातली हीच तेवढी राहिली.

थकले आहे. कंद वाळलेत. उद्या लावीन म्हणते.


२१ जून

नमस्कार!

आज उद्गारचिन्ह आपोआप पडलं, राहू दे.

लावले. पण कसे ते ऐका. मी आपली अंदाजाने खड्डे करत निघाले होते, तेवढ्यात काचेवर टकटक. थाप नाही, नखाने टकटक. पाहिलं तर डावा हात हवेत, बोटाने आडवी रेघ मारताहेत. मी म्हटलं, "काय?" पुन्हा रेघ. मग कपाळावर आठ्या. शेवटी मी आत गेले आणि खुर्ची ढकलत त्यांनाच बाहेर आणलं. उंबऱ्याशी चाक अडकलं, दोघंही पडणार होतो.

ओळ वाकडी होती. एवढंच! अबोला बाजूला ठेवून माणूस माझी ओळ सरळ करायला आला. दोन खुंट्या ठोकायला लावल्या, दोरी बांधायला लावली, दोरी ढिली पडली तर पुन्हा बांधायला लावली. दोन कंदांतलं अंतर स्वतःच्या टाचेपासून चवड्यापर्यंत दाखवलं. एक कंद मी खोल घातला तर खुर्चीचा हात आपटून आपटून मला तो वर काढायला लावला. मी म्हटलं, "कळलं हो! पाठ उन्हात. तुमच्या आधीच्या बायकोने लिहिलंय मला."

बोलून गेले. जीभ चावायला उशीर झाला होता.

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग मान खाली घालून दोरीकडे बोट केलं, पुढचा लाव म्हणून.

दिवसभर आम्ही तेच करत होतो. बुटके पुढे, उंच मागे. रंगांची आठवण फक्त त्यांना, म्हणून प्रत्येक ढिगाशी नेऊन विचारायचं : जांभळा? पिवळा? तो तांबूस? 'अं' आलं की हो. संध्याकाळी त्यांच्या पायजम्यावर गुडघ्यापर्यंत माती होती आणि मला पाठ सरळ करता येत नव्हती. झटका आल्यापासून मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. तुम्हाला कळवावंसं वाटलं, दुसरं कळवण्यासारखं कोणी नाही.


१८ जानेवारी

नमस्कार.

मधली तुमची दोन्ही पत्रं मिळाली. उत्तर द्यायचं राहून गेलं. सप्टेंबरात तुम्ही सांगितल्याप्रमाणे सैबेरियनही खणून वेगळे केले. मुळं इतकी घट्ट विणलेली की करवत लावावी लागली. आता सगळ्यांना हिरवी पाती आलीत, पंख्यासारखी.

यांना जरा कफ झालाय. काळजीचं काही नाही. हवेमुळे असेल.

एक विचारायचं होतं. थंडीत आयरिस किती वेळ तग धरतात? म्हणजे कुणी झाकायचं विसरलं तर?

मी बरी आहे.


५ फेब्रुवारी

नमस्कार.

तुम्ही लिहिलंत, 'आयरिसला थंडी लागत नाही हे तुम्हाला माहीत आहे, मागच्या पत्रात मीच लिहिलं होतं. खरं काय झालं ते सांगा.'

सांगते. गेल्या महिन्यात एका दुपारी त्यांना बाहेर उन्हात बसवलं आणि मी पायरीवर टेकले. नुसती टेकले. डोळे उघडले तेव्हा ऊन गेलं होतं, वारा सुटला होता आणि त्यांचे ओठ निळे पडले होते. शाल खाली घसरलेली, एका हाताने त्यांना ती उचलता आली नव्हती. मला हाक मारायला तोंड नव्हतं. मी हातभर अंतरावर घोरत होते.

कफ नाही, न्यूमोनिया. दवाखान्यात ठेवावं लागलं. आता घरी आणलंय, पण आधीचा तो माणूस राहिला नाही. पाणीसुद्धा ठसका लागेल म्हणून चमच्याने. डॉक्टर तरुण आहे, मला म्हणाला, "मावशी, तुम्ही शेवटच्या कधी झोपलात?" मी म्हटलं, "त्या पायरीवर." तो हसला नाही. म्हणाला, "आठ-दहा दिवस कुठेतरी जा, नाहीतर मला दोन पेशंट बघावे लागतील."

जायला जागा आहे. बहीण कधीची बोलावतेय. पण यांना कुणाच्या हवाली करून जाऊ? दोन बायका ठेवून पाहिल्या. एकीच्या हाताला त्यांनी चावा घेतला. दुसरी दिवसभर फोनवर.

माझ्या मनात जे आलंय ते लिहायला मला लाज वाटते, म्हणून पटकन लिहून टाकते. तुम्ही याल का?

तुमचं त्यांचं काही देणंघेणं उरलं नाही, मला माहीत आहे. तुम्ही 'नाही' म्हणालात तर मी एक शब्द बोलणार नाही आणि आयरिसचं विचारत राहीन. पण या जगात त्यांना घास भरवताना चिडणार नाही, किंवा चिडली तरी कशावर चिडायचं ते जिला ठाऊक आहे, अशी मला तुम्ही एकच सुचता. माझा जीव मेटाकुटीला आलाय. मला झोपायचंय हो.


२ मार्च
(जेवणाच्या टेबलावर, साखरेच्या डब्याखाली)

तुमची गाडी येईपर्यंत मी निघालेली असेन. बहिणीकडची एकच बस सकाळी आहे. तुम्ही येईपर्यंत शेजारीण बसेल. खरं सांगायचं तर तुम्हाला दारात पाहायचं धाडस नव्हतं.

सकाळी आधी पाठ पुसायची, मग तोंड. डाव्या कुशीवर झोपवलं तर चिडतात, तरी झोपवायचं, डॉक्टरांनी सांगितलंय. घास लहान. गिळला की नाही ते गळ्याकडे पाहून कळतं. औषधं खिडकीत, रंगाच्या क्रमाने लावलीत.

खुणा : तळहात छातीवर म्हणजे पाणी. गुडघ्यावर चापट म्हणजे संडासला जायचंय, तेव्हा हातातलं टाकून धावायचं. डोळे मिटून मान वळवली म्हणजे पुरे. बोट खिडकीकडे म्हणजे खुर्ची तिकडे न्या.

अबोला धरला तर मनावर घेऊ नका. हे तुम्हाला काय सांगायचं.

तुमच्यासाठी आतल्या खोलीत धुतलेली चादर घातलीय. पुढच्या ओळीतल्या बुटक्यांना कळ्या आल्यात, पाहा.

मी पुढच्या बुधवारी येते.


२९ मार्च

मला बुधवारपर्यंत थांबावं लागलं नाही.

तुम्ही तिसऱ्या दिवशी बहिणीकडे फोन केलात तेव्हा मी झोपले होते. बहिणीने मला उठवलं नाही. 'एवढी गाढ झोपलीस, म्हटलं तासभर झोपू दे, आता धावून काय होणार होतं,' म्हणाली. तिच्याशी मी अजून बोललेले नाही. पाहा, मलाही अबोला जमतो.

मी पोचले तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं आणि तुम्ही त्यांच्या उशाशी बसलेल्या. जुने शेजारी, त्यांच्या ऑफिसातले, सगळे तुम्हाला आधीपासून ओळखणारे. तुमचा हात हातात घेऊन बसले होते. एक बाई माझ्याकडे वळून म्हणाली, "तुम्ही कुठे होतात?"

मी कुठे होते? रात्री-अपरात्री उठून चादरी बदलल्या त्या मी, कंबर मोडली ती माझी, चमच्याने पाणी पाजलं ते मी. आणि शेवटचा श्वास घ्यायला त्यांना बरोबर तेच तीन दिवस सापडले! तुम्ही जाताना मी फाटकात म्हटलं, "तुम्हाला बोलावलं हीच चूक झाली." तुम्हाला ऐकू आलं नसेल अशी मी नंतर आशा केली. पण तुम्ही थांबलात आणि मग गेलात, म्हणजे आलं.

ते शब्द मी मागे घेत नाही, अजून तेवढी मोठी झाले नाही. पण एकदा गेलेल्या माणसाने पुरतं जायला हवं होतं, असंही मला रोज वाटतं आणि तुम्हाला बोलावणारी मीच, हेही रोज आठवतं. दोन्ही एकाच वेळी वाटतं. त्याने दमायला होतं.

आणि ही फुलं. यंदा आलीत म्हणजे किती यावीत! जांभळी, पिवळी, तो तांबूस, एक इतकं काळपट की उजेडात धरल्याशिवाय जांभळं कळत नाही. रस्त्यावरचे लोक थांबून फोटो काढतात. शेजारीण म्हणाली, "त्यांनी बघायला हवी होती." मी दार लावून घेतलं. झारी उचलायची इच्छा होत नाही. एकेक फूल तीन दिवसांत ओल्या कागदासारखं लोंबतं, तेही कोणी काढत नाही.

तुमच्याकडे माझं एक काम आहे. तुम्ही सगळ्यांना सांगितलंत, 'शांतपणे गेले.' असं लोकांना सांगतात. मला ते नको. ते तीन दिवस माझे होते आणि ते तुमच्यापाशी आहेत. त्यांनी काय खाल्लं, कशावर चिडले, कुठे पाहत होते, सगळं लिहा. तुम्हाला पाहून त्यांना आनंद झाला असेल तर तेही लिहा. मी वाचेन.


१७ एप्रिल

नमस्कार.

तुमचं पत्र आल्या दिवशी तीनदा वाचलं, मग दोन दिवस उघडलं नाही, मग आज पुन्हा वाचलं.

मला वाटलं होतं, तुम्ही गोड करून लिहाल. तुम्ही सरळ लिहिलंत. त्यांनी तुम्हाला ओळखलंच नाही. तुम्ही नाव सांगितलंत, जुना फोटो दाखवलात, तर त्यांनी फोटो उलटा करून ठेवला. पगारी बाई समजून पहिल्या दिवशी हात झिडकारला. तुम्ही लिहिलंत, 'इतक्या वर्षांत मनात किती भांडणं त्यांच्याशी भांडले होते आणि आले तर समोर भांडायला कोणी नव्हतं. मी न्हाणीघरात जाऊन रडले.' आणि मी इथे त्याच खिडकीकडे बोट दाखवून म्हणत होते, ते जन्मभर तुमचीच वाट पाहत बसले. ते कोणाची वाट पाहत होते देव जाणे. कदाचित त्यांना नुसता वाफाच आवडत असेल. सरळ ओळीत लावलेलं काहीही त्यांना आवडायचं.

हे वाचून मला बरं वाटेल अशी कधी काळी माझी कल्पना होती. तसं झालं नाही. तुमच्यासाठी वाईट वाटलं, खरंच.

फाटकातले शब्द मागे घेते. आता जमलं.

मी बरी आहे, आणि या वेळी खरंच बरी आहे. दुकानात आठवड्यातून तीन दिवस जाते. मालकीण म्हणाली, तुमची कात्री अजून सरळ चालते. रात्री सलग झोप लागते आणि जाग आली की कुणाची तरी कूस बदलायला विसरले असं वाटून दचकते. बहिणीशी बोलायला लागले, फार ताणलं नाही. सुकलेली फुलं काढून टाकली. जूनमध्ये रोपवाटिकेतला म्हातारा दोन पोरं पाठवणार आहे, पाण्याजवळचे थोडे वेगळे करून तो नेईल, मी तेवढ्यांचं करू शकत नाही. तुम्हाला त्यातले हवे असतील तर त्याला कळवा, माझ्यासाठी थांबू नका.

आता तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर. तुम्ही लिहिलंत, शेवटच्या दिवशी सकाळपासून ते चादरीवर डाव्या हाताची दोन बोटं उघडत-मिटत होते, कात्री चालवावी तशी. पुन्हा पुन्हा, दाराकडे बघत. माझ्या चिठ्ठीत ती खूण नव्हती. तुम्हाला वाटलं, फूल कापून हवंय. म्हणून तुम्ही बाहेर जाऊन बुटक्यांतलं पहिलं उमललेलं जांभळं फूल कापून आणलंत आणि त्यांच्या हातात दिलंत. त्यांनी ते ढकललं, फूल खाली पडलं आणि बोटं पुन्हा तशीच चालू लागली. तुम्ही लिहिलंत, ते तुम्हाला अजून टोचतं, शेवटची एक गोष्ट मागितली आणि ती तुम्हाला देता आली नाही.

ती खूण चिठ्ठीत मी मुद्दामच घातली नव्हती. मी घरात नसताना तिचा उपयोग काय, असं वाटलं. झटक्यानंतर मी दिवसभर त्यांच्या शेजारी बसून पडदे कापायचे आणि त्यांना माझं नाव घेता येईना, तेव्हा त्यांनीच ती शोधून काढली. मी स्वयंपाकघरात असले की खोलीतून नुसती घशाची हाक यायची, दारात येऊन पाहिलं की बोटं चालत असायची. कात्री म्हणजे मी.

तेव्हा तुम्ही स्वतःला लावून घेऊ नका. तुमच्या हातून काही राहिलं नाही. त्यांना फूल नको होतं.